त्या पानांवर तिचीच अक्षरे होती

"हे असंच टंकलं असेल त्यांनी."

सिव्हिल लाइन्समधल्या आपल्या दिवाणखान्यात, माझ्या लॅपटॉपच्या पडद्याकडे बोट दाखवून आमच्या मराठी मंडळाचे चिटणीस हे बोलले. पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस, टक्क्याची चिन्हे, उलटेसुलटे ठिपके. ओळीमागून ओळ. ते माझ्या दिवंगत पत्नीचे, शेवंताचे, लिखाण होते. मंडळाच्या स्मरणिकेत ते छापता येईल का आणि ते वाचता येण्याची वाट कुणाला ठाऊक आहे का, हे विचारायला मी लॅपटॉप घेऊन गेलो होतो. चिटणीस रेल्वेतून मोठ्या हुद्द्यावर निवृत्त झालेले. मी त्याच रेल्वेच्या वॅगन कारखान्यातून फिटर म्हणून. चष्मा कपाळावर सरकवून ते पुढे म्हणाले, "अहो फिटरसाहेब, वाईट वाटून घेऊ नका. तुमच्याकडे बायकांनी लिहायची रीत नव्हती. बोटं फिरवली असतील बिचारीनं, वेळ जायला."

चिटणिसांसह मंडळाचे सात जण बसले होते. सगळे हसले. माझ्यासोबत आलेला माझा मुलगा ओठांत हसला.

आणि मीही हसलो.

मंडळात या प्रसंगाची हकीकत आता वेगळी सांगतात. चिटणीस गमतीने बोलले, म्हातारा तापट, उगाच मनात धरून बसला. मुलगाही तेच म्हणतो. "बाबा, अंकलजी मज़ाक कर रहे थे. तुम्ही ना, प्रत्येक गोष्टीत जात शोधता."

मी शोधत नाही. 'तुमच्याकडे' हा शब्द त्यांनी उच्चारला, मी नव्हे. आणि गंमत बरोबरीच्या माणसांत होते. बाकीच्या सहा जणांपैकी कुणाच्या बायकोची त्यांनी कधी अशी गंमत केली, ते मंडळाने मला दाखवावे.

पण माझी हकीकतही स्वच्छ नाही, कारण ती चिन्हे का दिसत होती हे मला ठाऊक होते. त्याच खोलीत, त्याच क्षणी ठाऊक होते. तरी हसलो. साहेब विनोद करतो तेव्हा हसायचे, ही नोकरीभराची सवय तोंडाला आधी आठवली.

शेवंता सातवी शिकलेली. तिचे वडील आणि माझे वडील, दोघे विदर्भातून उत्तरेतल्या या शहरात, रेल्वेच्या यार्डात खलाशी, म्हणजे बिगारी मजूर, म्हणून आले. दोघांच्या बायका इंजिनशेडच्या राखेतून अर्धवट जळलेला कोळसा वेचत. मुलगा शिकायला ग्वाल्हेरला गेला तेव्हा त्याचा संगणक घरी पडून राहिला. त्यावर मी मराठी टंकलेखनाचा एक प्रोग्राम विकत आणून बसवला. त्याच्यासोबत यूएसबीत खोचायचे अंगठ्याएवढे एक बोंडूक, डोंगल, आले. ते संगणकाच्या पाठीत खोचल्याशिवाय प्रोग्राम उघडत नसे. आम्ही त्याला किल्ली म्हणत असू. दुपारची भांडी आवरली की ती तिथे बसे. कोळसा वेचणाऱ्या बायकांची नावे, गावे, कोण कशाने गेली, कोण कुठे नाहीशी झाली, हे सारे ती लिहीत होती. मला वाचायला देत नसे. म्हणे, "पुरं होऊ द्या."

पुरे झाले की नाही हे विचारण्याआधी ती गेली. पुढच्या उन्हाळ्यात तो संगणकही बंद पडला. त्याची डिस्क काढून आतले लिखाण मी नव्या लॅपटॉपवर उतरवून घेतले. पण प्रोग्राम जुन्या विंडोज एक्सपीचा. नवा लॅपटॉप त्याला उभे करीना. आणि त्या प्रोग्रामच्या फॉन्टवाचून तिची अक्षरे कचऱ्यासारखी दिसत.

त्या बैठकीनंतर सीपरी बाजारातला संगणक-दुरुस्तीचा दुकानदार म्हणाला, "बाबूजी, दूसरा सिस्टम डालना है तो पूरा फॉर्मेट मारना पड़ेगा। छोड़िए, इसमें रखा क्या है?" मी लॅपटॉप उचलून घरी आणला. मुलगा म्हणाला, एका संकेतस्थळावर फाइल चढवा, ते बदलून देईल. जे तिने मलाही दाखवले नाही, ते मी वाचण्याआधी परक्यांच्या हवाली करणार नव्हतो.

फिटर आधी नट पाहतो, मग पाना निवडतो. मी संगणकांबद्दल वाचत बसलो. लॅपटॉपच्या आत दुसरा संगणक उभा करणारी सॉफ्टवेअरे असतात. त्या आतल्या संगणकात जुनी प्रणाली नांदते, बाहेरचीला धक्का लागत नाही. तीन पर्याय हाती आले. एक विंडोजमध्येच होते, पण माझ्याकडच्या आवृत्तीत नव्हते, आणि असते तरी किल्ली आतल्या संगणकाच्या हाती देण्याची सोय त्यात मला सापडली नाही. दुसरे ठीक होते, पण उतरवून घेण्याआधी खाते उघडा म्हणत होते. तिसरे मोफत, आणि यूएसबीला खोचलेली वस्तू आतल्या संगणकाला सोपवण्याची सोय त्यात होती. माझे सगळे त्या किल्लीवर अडले होते. मी तिसरे घेतले. एक्सपीची आणि प्रोग्रामची मूळ सीडी ट्रंकेत होती. सहा दिवस चुकलो. किल्ली दर वेळी बाहेरचीच प्रणाली पकडून ठेवी. सातव्या दिवशी सकाळी ती आत गेली.

प्रोग्राम उघडला. दोनशे अकरा पाने. सरळ, शुद्ध मराठी.

चिटणिसांच्या पुतण्याने ते उघडून दिले, असे मंडळात सांगतात. त्या पुतण्याने माझ्या घराचा जिना पाहिलेला नाही.

मी वाचू लागलो. राखेतल्या बायका एकेक करून नावानिशी समोर आल्या. माझी आई आली. आणि एकशे चाळिसाव्या पानावर हे होते: "साहेब घरी आले तेव्हा यांनी सांगितलं, हिला काही कळत नाही. मी आत चहा गाळत होते. मला सगळं कळत होतं."

मी ते बोललो होतो. मला आठवते. त्या दिवशी कारखान्यातले साहेब हसले होते, आणि मीही.

तिने ते इतकी वर्षे मनात ठेवले. माझ्यापाशी कधी बोलली नाही. आता मी कुणापाशी बोलू?

पाने उघडली आणि त्यांत काय आहे, हे मी मंडळात कळवले होते; स्मरणिका छपाईला जायची वेळ आली तेव्हा चिटणिसांचा फोन आला. "फिटरसाहेब, दोन पानं द्या. ते राखेचं, कोळशाचं नको; स्मरणिका म्हणजे समाजाचा इतिहास आहे. भाषा आम्ही शुद्ध करून घेऊ."

मी म्हणालो, "भाषा शुद्धच आहे. छापायचं तर सगळं. आणि मला नाव आहे, ते वापरा."

ते म्हणाले, "इतकं कडक होऊ नये माणसानं."

मी फोन ठेवला.

आता तिचे प्रत्येक पान वाचून मी ते आजच्या संगणकांवर दिसेल अशा फॉन्टमध्ये पुन्हा टंकतो आहे. दिवसाला चार पाने. मुलगा परवा म्हणाला, "बाबा, निदान तुमच्याबद्दलचं तेवढं काढा ना. लोग क्या कहेंगे?"

काल ते एकशे चाळिसावे पान मी टंकले. एका बोटाने, एकेक अक्षर. काही गाळले नाही, काही सौम्य केले नाही. पुस्तक मी स्वतः छापून घेणार, माझ्या हयातीत, तिच्या नावाने. मंडळाच्या प्रत्येक घरी ते मी स्वतः नेऊन देईन, चिटणिसांकडे सर्वांत आधी. आणि त्यांच्याच दिवाणखान्यात उभा राहून वाचून दाखवीन ते एकशे चाळिसावे पान.