आठवं जर्नल

मनालीचं अक्षर बघाल तर म्हणाल, छापखान्यातूनच आलंय. मराठी असो की इंग्रजी, ओळ कशी सरळ! वाडीत जयंतीचा फलक लिहायचा तर मनाली, कुणाचा ग्रामपंचायतीत अर्ज द्यायचा तर मनाली, लग्नाच्या पत्रिकांवर नावं घालायची तरी मनालीच. आणि पोरगी कुणाला नाही म्हणून म्हणायची नाही. आई येसूबाई किती वेळा ओरडली असेल, "मनाले, भीड भिकेची बहीण असते गं! दोन्ही हातांनी दिवसभर लोकांचं करशील, तर आपलं कोण करंल?" मनाली हसायची आणि पुढचा कागद ओढायची.

ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, केमिस्ट्रीला. कॉलेजचं नाव सांगत नाही. खालापूर तालुका केवढा तो, माणसं लगेच भांडायला येतात. तर त्या कॉलेजात सेमिस्टर संपत आलं की सगळ्यांच्या तोंडी एकच विषय, जर्नल. लॅबमध्ये जे बारा प्रयोग केले ते स्वतःच्या हातानं त्या जाड वहीत उतरवायचे, आणि शेवटी पहिल्या पानावर विभागप्रमुखांची सही नि शिक्का घ्यायचा. शिक्का नसेल तर प्रॅक्टिकलच्या परीक्षेला दारात उभं करत नाहीत. प्रॅक्टिकल गेलं की पास झाल्याचा कागद गेला.

आणि मनालीला तो कागद जूनमध्येच हवा होता. तिचा बाप कोंडीराम वीस वर्षं रसायनीच्या एका कंपनीत हेल्पर. ड्रम ढकलायचे, गोणी उतरवायच्या. त्या कंपनीच्या लॅबला मोठी काच आहे. आत एसी, पांढरे कोट घातलेली माणसं, हातात काचेच्या नळ्या. कोंडीराम येता-जाता त्या काचेतून बघायचा. एक दिवस धीर करून त्यानं लॅबच्या साहेबांना विचारलं, "साहेब, माझी मुलगी हाय केमिस्ट्रीला." साहेब भला माणूस. म्हणाला, "जूनमध्ये पास झाल्याचा कागद घेऊन ये, ट्रेनी म्हणून घेतो. पण जागा एकच आहे, उशीर केलास तर भरून टाकीन." त्या दिवशी कोंडीराम घरी येताना जिलबी घेऊन आला. अख्ख्या वाडीला कळलं की कोंडीरामची पोर काचेच्या आत बसणार.

आता मुद्द्यावर येतो. फेब्रुवारीत हर्षला आली. हर्षला म्हणजे मनालीची पहिल्या वर्षापासूनची मैत्रीण, एका बाकावरची, एकाच टमटमनं ये-जा करणारी. "मने, माझं अक्षर बघितलंस ना? कोंबडीनं पाय पुसल्यासारखं. तू लिहून दे ना गं, तुझी शप्पथ, फक्त माझं." फक्त माझं! मग संजनाला कळलं, संजनाकडून सुनीलला. सुनीलची आधीच दोन विषयांत केटी, तो तर पायाच पडला. मग हरेश बुलेटवरनं आला. ह्याच्या घरची जमीन हायवेच्या कामात जाऊन बक्कळ मोबदला आलेला, तेव्हापासून ह्याला खाली बघायचं ठाऊक नाही. त्यानं आपलं जर्नल मनालीच्या मांडीवर टाकलं आणि "बघ जरा" एवढंच म्हणाला. असं करता करता सात झाली. सात जर्नलं, प्रत्येकी बारा प्रयोग. बापरे! माणूस आहे की झेरॉक्सचं मशीन? बदल्यात काय, तर एकदा कर्जतचा वडापाव आणि "मने, तू ग्रेट आहेस." त्यात बिचारीचं पोट भरायचं.

सातवं जर्नल संपलं आणि आठवं, म्हणजे तिचं स्वतःचं, लिहायला घेतलं तेव्हा आठ प्रयोगांनंतर मनगट सुजलं. पेन धरवेना. येसूबाईनं हळद लावली, बाम चोळला, पट्टी बांधली. काही उपयोग नाही. शेवटचे चार प्रयोग राहिले होते आणि सबमिशनला दोन दिवस. तेव्हा हर्षला तिच्या घरी आली. मनाली सांगत गेली, हर्षला लिहीत गेली. कोंबडीच्या पायानं का होईना, जर्नल पुरं झालं. मनालीला इतकं बरं वाटलं! म्हणाली, "बघ आई, आपलं पण कोण तरी करतं." येसूबाईनं हर्षलाला चहा दिला.

शनिवार सबमिशनचा शेवटचा दिवस. चार वाजता केमिस्ट्रीची लॅब बंद होणार आणि सोमवारी प्रॅक्टिकल. दुपारी दोन वाजता मनाली कर्णिक मॅडमसमोर उभी राहिली. कर्णिक मॅडम विभागप्रमुख. आठवडाभर जर्नलांचा ढीग उपसून त्यांना वीट आला होता. पानं भराभर उलटायच्या, सही ठोकायच्या, फोनवर बोलायच्या. मनालीचं जर्नल त्यांनी असंच उलटायला घेतलं आणि नवव्या प्रयोगापाशी त्यांचा हात थांबला.

"हे काय? अक्षर बदललं."

"मॅडम, हात सुजला होता." मनालीनं पट्टी दाखवली. "प्रयोग मीच केलेत. मी सांगितलं, मैत्रिणीनं लिहिलं."

"डॉक्टरची चिठ्ठी?"

"नाय... नाही मॅडम. घरीच बाम लावला."

"नियम माहीत आहे ना? स्वतःच्या हस्ताक्षरात. मला काय माहीत, प्रयोग तू केलेस की विकत घेतलेस?"

"मॅडम, मी आत्ता लिहून देते. चार वाजेपर्यंत चारही लिहिते."

"हात सुजलाय म्हणतेस ना?" मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. मनालीनं पट्टीचा हात पाठीमागे नेला. मॅडम काही राक्षस नव्हत्या. त्या म्हणाल्या, "ज्या मैत्रिणीनं लिहिलंय तिला घेऊन ये. तिनं माझ्यासमोर सांगायचं की तू सांगितलंस आणि तिनं लिहिलं. एवढंच. मी सही करते."

एवढंच! मनाली जिने उतरली नाही, उड्या मारत खाली आली. हर्षला कँटीनच्या कट्ट्यावर होती, सोबत हरेश आणि सुनील. मनालीनं धापा टाकत सगळं सांगितलं. "चल गं लवकर, पाच मिनिटांचं काम हाय."

हर्षला उठली. ओढणी नीट केली. दोन पावलं चालली आणि हरेश बसल्या जागेवरून म्हणाला, "थांब. ही वर गेली आणि मॅडम म्हणाल्या, दाखव तुझं अक्षर, तर? हिचं स्वतःचं जर्नल कुणाच्या अक्षरात हाय?"

हर्षला जागच्या जागी थांबली. खरंच की. तिचं जर्नल वर लॅबमधल्या ढिगात, सही-शिक्क्यासकट, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मनालीच्या अक्षरात. तिनं वर जाऊन "हे कोंबडीचे पाय माझे" म्हटलं, तर तिचं स्वतःचं जर्नल कुणाचं, हा प्रश्न येणारच.

"हर्षला," मनाली म्हणाली, "मॅडम नाय बघणार गं. त्यांना कुठं येवढा वेळ हाय?"

"आणि बघितलं तर?"

"एकटी हर्षला नाय अडकणार," सुनील म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "एक उघडलं की सगळी उघडणार. माझं तर वर्षच जाईल, मनाली. आई मारून टाकंल मला."

"आणि माझं?" मनाली म्हणाली. "माझं वर्ष?"

हरेशनं मोबाईल काढला. सुनील चपलेनं जमीन उकरत राहिला. मनालीनं हर्षलाचा हात धरला, डाव्या हातानं, कारण उजव्यानं धरवत नव्हतं. "हर्षला, पप्पांनी सायबांना सांगून ठेवलंय गं. वाडीत सगळ्यांना म्हाईत हाय. तुझ्या पाया पडते."

हर्षला रडायला लागली. रडली, पण हात सोडवून घेतला. "मने, मला भीती वाटते गं," म्हणाली, आणि पर्स उचलून गेटकडे चालू लागली. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय! तीन वर्षांची मैत्री आणि कँटीनपासून जिन्यापर्यंत तीस पावलंसुद्धा चालली नाही.

हर्षला परत येईल म्हणून मनाली गेटपाशी वाट बघत राहिली. आता चारला दहा कमी होते. मनाली एकटीच वर आली. मॅडम कपाट लावत होत्या. जर्नलांचा ढीग टेबलावर तसाच होता. "काय गं, मैत्रीण?"

मनालीच्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे. जन्मात मोठ्यानं न बोललेली पोरगी, सरळ ढिगापाशी गेली आणि पाच मिनिटांत सात जर्नलं बाजूला काढली. तिला शोधावी लागली नाहीत, कव्हरसुद्धा तिनंच घातली होती. सातही पहिल्या पानावर उघडून ठेवली. शेजारी आपलं ठेवलं.

"मॅडम, ह्या सगळ्यांवर तुमची सही हाय. सगळ्यांतलं अक्षर माझं हाय. तुम्ही मला सात वेळा पास केलंय. मग आठव्यांदा का नाय करत?"

कर्णिक मॅडमनी एक पान बघितलं, दुसरं बघितलं. मग खुर्चीत बसल्या. पंख्याखाली पानं फडफडत होती. मनालीला वाटलं, जमलं. आता पेन उचलतील.

"मी काय करू असं तुला वाटतं?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सात सह्या खोडू? सोमवारी बाहेरचे परीक्षक येणार. त्यांना सांगू, की मी न बघता सह्या केल्या? माझी नोकरी जाईल, मनाली."

"त्यांच्या खोडू नका, मॅडम. माझी फक्त करा."

"आता? हे सगळं बघितल्यावर? तू फसवणूक केलीस, सात वेळा. हे कळूनही मी तुझ्या जर्नलवर सही केली, तर उद्या ह्यातलाच एखादा माझ्यावर उलटेल." त्यांनी सातही जर्नलं मिटली, नीट रचून पुन्हा ढिगात घातली. आठवं मनालीच्या हातात दिलं, बिनशिक्क्याचं. "हे तू मला बोलली नाहीस, मी ऐकलं नाही. पुढच्या वर्षी ये." मग दाराला कुलूप लावता लावता त्या एकदम चिडून म्हणाल्या, आणि चिडताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, "इतकं बोलता येतं तुला, तर त्यांना नाही म्हणायला काय झालं होतं?"

चोर सोडून संन्याशाला फाशी, म्हणतात ना, ते हे. पण मनालीला कुणाचा राग आला नाही, हीच तर चीड आणणारी गोष्ट. टमटममध्ये बसून ती एकच विचार करत राहिली, घरी काय सांगायचं.

घरी येसूबाई दारातच. कुंभिवलीच्या कंपनीत पॅकिंगला जाते ती, शनिवारची लवकर सुटली होती. "झाली का गं सही?"

आतून कोंडीरामचा आवाज आला, "झालीच असंल! काय विचारतेस?"

मनालीनं तोंड उघडलं. नाही, एवढं एकच सांगायचं होतं. "झाली," ती म्हणाली.

सोमवारी येसूबाईनं कामावर खाडा केला. मुलीचा पांढरा ॲप्रन तिनं रविवारीच धुऊन, इस्त्री करून ठेवला होता. दही-साखर दिली. कोंडीराम कामावर जाताना म्हणाला, "आज सायबाला सांगतो, पोरीचं शेवटचं प्रॅक्टिकल हाय म्हणून." मनाली निघाली. कॉलेजच्या वाटेला गेलीच नाही. खालापूरच्या स्टँडवर एका बाकावर बसली, दहापासून चारपर्यंत. उन्हानं अंग भाजून निघालं, पाणी संपलं. मोबाईलवर हर्षलाचा मेसेज आला, "मने, सोपं होतं, तुझी आठवण आली." तो तिनं वाचला आणि फोन बंद केला. जीव द्यावा असं मनात आलं. खोटं कशाला सांगू, आलं. हायवेवरून ट्रक जात होते आणि ती उठून दोनदा त्या बाजूला चालत गेली. दोन्ही वेळा परत आली, कारण आई ॲप्रनची वाट बघत असणार.

पाच वाजता ती घरात शिरली. "कसं गेलं?" येसूबाईनं विचारलं.

"चांगलं गेलं."

येसूबाईनं पिशवीतून ॲप्रन काढला आणि मागच्या धुण्याच्या दगडावर नेला. मनाली चुलीपाशी बसली. धोपटण्याचा आवाज येईल, येईल म्हणून वाट बघत राहिली, पण तो येईना. थोड्या वेळानं येसूबाई दारात आली. ॲप्रन तिच्या हातात तसाच, घडीसुद्धा मोडली नव्हती. ही बाई एक अक्षर शिकलेली नाही, पण तीन वर्षं तो ॲप्रन तिनं धुतला होता. ॲसिडचे पिवळे, परमॅंगनेटचे तपकिरी डाग, कुठे जळून पडलेलं भोक. प्रॅक्टिकलवरून आलेला ॲप्रन कोरा कधी आला नव्हता.

"मनाले," येसूबाई म्हणाली, "आज डाग कुठं पडला गं?"

मनाली म्हणाली, "मला बसू नाय दिलं, आई."

येसूबाईनं तो ॲप्रन पुन्हा पिशवीत घातला. बाहेर रस्त्यावर कंपनीची बस थांबली, आणि कोंडीरामचा आवाज आला. शेजारच्याला तो मोठमोठ्यानं सांगत होता, साहेबांनी पोरीचं नाव लिहून घेतलं म्हणून.