अप्पांचा नतीजा

सुधारलेल्या माणसावर आमच्या आत्याच्या यजमानांइतका अविश्वास साऱ्या निजामाच्या मुलखात कुणाचा नसेल, आणि माणूस सुधारावा म्हणून त्यांच्याइतकं आसुसलेलंही दुसरं कुणी नसेल. सगळं कळंब त्यांना अप्पा म्हणे, म्हणून मीही अप्पाच म्हणत असे. त्यांची धान्याची आडत होती. पोत्यात लोखंडी परखी खुपसायची, आतला दाणा तळहातावर घ्यायचा, दाताखाली फोडून बघायचा आणि मगच भाव बोलायचा, हा त्यांचा रोजचा धंदा. तीच रीत त्यांनी माणसांनाही लावली होती. गावात कीर्तन असो, व्याख्यान असो, कुणी तालमीचे वर्ग काढलेले असोत की दारू सोडायच्या शपथा घातलेल्या असोत, अप्पा कपाळभर विभूती लावून पुढंच बसणार, डोळे मिटून सगळं ऐकणार आणि शेवटी उठून विचारणार, "समदं ठीक हाय महाराज, पर नतीजा काय?" या प्रश्नाला भलेभले बोलके लोक वचकून असत. एक कीर्तनकारबुवा तर कळंबचं नाव काढलं की येरमाळ्याहूनच परत फिरतात, असं लोक सांगत.

नुसतं विचारून गप्प बसतील तर ते अप्पा कसले! नतीजा बघायला ते जातीनं जात. आमच्या एका शेजाऱ्यांनी येडेश्वरीच्या यात्रेत तंबाखू सोडली. अप्पा दुसऱ्याच दिवसापासून चंची घेऊन त्यांच्या ओट्यावर जाऊन बसू लागले. "घ्या की चिमूटभर. देवी काय हितवर बघाया येती व्हय?" शेजारी काही बधेनात. मग त्यांच्या तोंडाला पाणी सुटावं म्हणून अप्पांनी स्वतःच एक चिमूट दाढेखाली धरायला सुरुवात केली. पावसाळा सरेपर्यंत शेजाऱ्यांची तंबाखू कायमची सुटली होती आणि अप्पांना कायमची लागली होती. आत्यानं कपाळाला हात लावला. अप्पा मात्र खुशीत होते. "गडी लई पक्का निघाला," असं ते पिंक टाकून भेटेल त्याला सांगत होते.

पण दाणा पोचट निघाला की त्यांची अवस्था बघवत नसे. कानडी मुलखाला लागून असलेल्या जळकोटचे आमचे धाकटे काका कुठल्याशा मठात राहून राग जिंकून आले होते. ते पाहुणे म्हणून आले आणि अप्पांनी परीक्षा मांडली. वरणात मीठ नाही, वहाणा जागेवर नाहीत, दुपारी डोळा लागला की कानाशी तांब्या वाजतोय. काका हसून सगळं सोसत होते. शेवटी अप्पांनी त्यांच्या खिलारी बैलाला नावं ठेवली. त्यावर काकांनी कानडीतून जे सुरू केलं, ते गाडी वेशीबाहेर जाईपर्यंत थांबलं नाही. अप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्याला खोटं पाडल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर मी कधीच पाहिला नाही. त्यांना मनापासून वाईट वाटायचं.

मी तेव्हा तहसील कचेरीत नवा कारकून लागलो होतो आणि आत्याकडेच राहत होतो. त्या वर्षी गावात एक मास्तर आले. त्यांची बायको होती इंग्रजी मुलखातल्या बार्शीची, चांगली शिकलेली. तिनं बायकांना लिहायला-वाचायला शिकवायचं मनावर घेतलं. आत्यानं अप्पांच्या मागं लागून रिकामी वखार मिळवली आणि दुपारचा वर्ग सुरू झाला. चार माणसं जमली की पोलीस डोकावत, असे ते दिवस. म्हणून या वर्गाला सगळ्यांनी भजन म्हणायचं ठरलं होतं. पन्नाशीला आलेली माझी आत्या भाकरी थापता थापता परातीतल्या पिठात अक्षरं काढू लागली. तिला इतक्या आनंदात मी कधी पाहिलं नव्हतं.

सुगी आली आणि वखारीची गरज पडली. दुसरी जागा द्यायला गावात कुणी तयार नव्हतं. लोक म्हणू लागले, ज्वारी पावसात ठेवून बायकांना पंडित करता काय? अप्पांनी आपल्या रीतीनं तोड काढली. परीक्षा घ्यायची. उतरल्या तर वखार बायकांची, नाही तर पोत्यांची.

अप्पांना धास्ती एकच होती, की बायकांनी पुस्तक नुसतं घोकलं असेल. पुस्तकात नसलेलं, पण प्रत्येकीला ठाऊक असलेलं काय विचारावं, यावर त्यांनी फार डोकं चालवलं. ठरल्या दुपारी मला पंच म्हणून घेऊन ते वखारीत गेले, खाकरले आणि म्हणाले, "सोपं इचारतो. जिनं तिनं आपल्या मालकाचं नाव लिवा."

पदर पुढं आले. माना खाली गेल्या. एकही पेन्सिल हलली नाही. अप्पांनी वाट बघितली, पुन्हा सांगितलं, ओळीतून एक फेरी मारली. सगळ्या पाट्या कोऱ्या. शेवटी घाबरून त्यांनी मास्तरीणबाईंपुढंच पाटी धरली, "बाई, तुमी तरी लिवा." बाईंनी पेन्सिल उचलली, लाजून लालबुंद झाल्या आणि पेन्सिल खाली ठेवली.

अप्पा मटकन पोत्यावर बसले. "आरं देवा, मास्तरणीलाच येत न्हाय," ते मला म्हणाले. वर्ग मोडणार म्हणून त्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं होतं.

तेवढ्यात आत्या हलली. चारचौघांत नवऱ्याशी ती लग्नापासून एक शब्द बोलली नव्हती. तशी रीतच नव्हती. तिनं पाटी मांडीवर घेतली, बराच वेळ लिहिलं आणि पाटी पुढं सरकवली. अप्पांनी मोठ्यानं वाचलं, "मालकाचं नाव घेत न्हाईत. तोंडानं न्हाय तसं हातानं बी न्हाय. दुसरं इचारा."

वखारीत कुणीतरी खुदकन हसलं. अप्पा पाटीकडं बघतच राहिले. बायकोनं भर सभेत त्यांना चूक दाखवली होती, आणि रागवावं की नाचावं हे त्यांना कळत नव्हतं. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "मग काय इचारू?"

आत्यानं पाटी पुसली आणि लिहिलं, "मला काय पायजे ते इचारा."

"काय पायजे?"

आत्यानं पुन्हा पाटी पुसली. या वेळी एकच शब्द होता. वखार.

त्या वर्षी ज्वारीची पोती आमच्या माजघरात, देवघरात आणि माझ्या अंथरुणाशेजारी रचली गेली. रात्रभर अंगावरून उंदीर पळायचे. अप्पा मात्र गावभर सांगत सुटले होते, "माझी बायकू मला जाब लिवून देती!"

पुढं धामधुमीचे दिवस आले. मास्तर आणि बाई बार्शीला निघून गेले आणि वर्ग बंद पडला. नंतर निजामाचं राज्यही गेलं. मला नव्या सरकारात प्रौढांचे वर्ग तपासायचं काम मिळालं. किती शिकले, किती गळले, हे सगळं मी नीट लिहून पाठवत असे. वर्गांनी माणूस बदलतो का, असं वरचे साहेब विचारत. मी आपलं होय म्हणत असे, पण पुरावा काय द्यावा ते सुचत नसे. आज अप्पा नाहीत, आत्याही नाही. मला आठवतात त्या परीक्षेनंतरच्या कळंबच्या संध्याकाळी. दिवेलागणीच्या आधी दोघं ओट्यावर बसत. रस्त्यानं माणसं जात-येत असत. अप्पा काहीतरी विचारत आणि आत्या सगळ्यांदेखत, मोकळ्या आवाजात उत्तर देत असे. बोलणं फार काही नसे. उद्या भाजी कुठली, एवढंच. पण तिचं बोलून होईपर्यंत अप्पा मध्ये बोलत नसत.