आवक नोंद नसलेलं इंजिन

तुमच्या जेवणाच्या डब्यात परक्या माणसाने बोटं घालून पाहिलंय कधी? रोज, भोंगा झाल्यावर, रांगेत उभं करून? आमच्या चिंचवडच्या कारखान्यात ही तपासणी फक्त बाहेर पडताना व्हायची. आत जाताना डब्यात भाकरी आहे की आणखी काही, याच्याशी कंपनीला देणंघेणं नव्हतं. या एकतर्फी कुतूहलावर मी तेव्हा एक जळजळीत पत्रकही लिहिलं होतं. त्यात बरंच काही होतं, फक्त मुद्दा नव्हता. मुद्दा मला पुढे एका मुठीएवढ्या इंजिनाने शिकवला.

मी पत्रकांवर वाढलो. वडील छापखान्यात अक्षरं जुळवायचे, त्यामुळे उरलेली पत्रकं घरी यायची. फडताळात अंथरलेला कागद त्यांचा, माझ्या वह्यांची कव्हरं त्यांचीच. मी वाचायला शिकलो तोही ‘कामगार बंधूंनो’ या दोन शब्दांवर. कारखान्यात लागेपर्यंत ते इतकं अंगात मुरलं होतं की कँटीनच्या चहात साखर कमी पडली तरी मला त्यात भांडवलशाहीचा डाव दिसे. युनियनने पत्रकं लिहायचं काम मला दिलं. मी सभेत बोलू नये, हाही त्यामागे हेतू असावा.

टूलरूममध्ये ग्राइंडिंग मशीनवर एक वयस्क कारागीर होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. भोसरीत त्यांच्या भावाचं गॅरेज होतं आणि त्या गॅरेजच्या मागे चाचांचा रविवार असायचा. जाड फळीवर ते एक चिमुकलं इंजिन बोल्टने आवळत, पुढे लाकडी पंखा लावत, आणि बोटाने पंख्याला झटका देत. खेळण्यातल्या विमानांची ही जुनी विलायती इंजिनं. लष्करी अधिकाऱ्यांची बिऱ्हाडं हलली की ती पुण्याच्या जुन्या बाजारात येत, आणि कुलपं, बिजागऱ्यांच्या ढिगातून चाचा ती उचलत. अशी सात जमली होती. त्यांना प्लग नाही, बॅटरी नाही. रॉकेल, एरंडेल आणि ईथर एकत्र करून पाजायचं, डोक्यावरचा स्क्रू पिळून आतला दाब जमवायचा आणि बोट वाचवत झटके देत राहायचं. इंजिन सुरू झालं की असं किंचाळायचं की शेजारच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राही.

“चाचा, विमान कुठंय यांचं?” मी पहिल्यांदा गेलो तेव्हा विचारलं.

“विमान कशाला? विमान उडवलं की पडतं. इंजिन चालवलं की चालतं.”

मला संताप आला. जग पेटलेलं, बोनसची बोलणी फिसकटलेली, आणि हा माणूस न उडणाऱ्या विमानांची इंजिनं पुसत बसतो! मी पत्रक काढलं: ‘आपले काही ज्येष्ठ बंधू रविवारी सकाळी सात विलायती खेळण्यांशी खेळण्यात मग्न असतात.’ नाव दिलं नव्हतं. पण सात विलायती खेळणी असलेला ज्येष्ठ बंधू साऱ्या भोसरीत एकच होता. पुढच्या रविवारी पाहिलं तर चाचांनी ते पत्रक फळीखाली अंथरलेलं. “कागद चांगला वापरता रे तुम्ही,” ते म्हणाले. “तेल मस्त पितो.”

सातांपैकी सर्वांत जुन्या इंजिनाचा पिस्टन झिजला होता. चाचांनी भावाच्या लेथवर नवा केला आणि कित्येक रविवार हाताने घासून बसवला. पण तो सिलिंडरमध्ये किती सैल बसतोय, किती अडतोय, हे केसाच्याही अंशात सांगणारं उपकरण फक्त आमच्या टूलरूममध्ये होतं. म्हणून एके दिवशी त्यांनी डब्याच्या खालच्या कप्प्यात, मेथीच्या भाजीखाली, इंजिन आणलं. जेवणाच्या सुटीत माप घेतलं. संध्याकाळी गेटवर मावळातल्या वॉचमनने डबा उघडला.

“चाचा, ह्ये काय हाय?”

“इंजिन.”

“कशाचं?”

“विमानाचं.”

वॉचमन आधी हसला, मग घाबरला. “आरं बाप रं. मंग तर मला वर कळवावंच लागंल.”

तिसऱ्या दिवशी चार्जशीट आलं: कंपनीच्या मालकीचा यंत्रभाग विनापरवाना बाहेर नेण्याचा प्रयत्न. शिक्षा बडतर्फी. चाचांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. चौकशीत बाजू मांडायला कामगाराला एका सहकाऱ्याला सोबत घेता येतं. चाचा माझ्याकडे आले.

“मी? चाचा, मी तर तुमच्याविरुद्ध लिहिलंय.”

“म्हणूनच. तू लिहिलंस ना, की ही खेळणी आहेत आणि माझी आहेत? तेच तिथे सांग. नवीन काही लिहू नकोस.”

चौकशी पर्सोनेल, म्हणजे कार्मिक विभागाच्या, साहेबांपुढे होती. मी कामगाराच्या आत्मसन्मानावर पाऊण तासाचं भाषण तयार केलं होतं. त्यातलं चौथं वाक्य चालू असताना साहेबांनी एक फाइल उघडली. माझं प्रत्येक पत्रक त्यात तारीखवार लावलेलं होतं, महत्त्वाच्या ओळींखाली पेन्सिलने रेघा मारून. माझा इतका निष्ठावान वाचक युनियनमध्ये एकही नव्हता.

“हे सात खेळण्यांचं तुम्हीच लिहिलं?”

“होय.”

“घटनेच्या दीड महिना आधी. म्हणजे वस्तू याआधीही यांच्याकडे होती.” त्यांनी चाचांकडे पाहिलं. “पण कंपनीचं उपकरण वापरलंत ना?”

“माप घेतलं, साहेब. उपकरण जागेवर आहे. मापही आत घेतलं, तिथंच वाचलं.”

साहेबांनी टेबलावरचं जप्त इंजिन हातात घेतलं. मग म्हणाले, “हे खरंच चालतं? चालवून दाखवा.”

दुसऱ्या दिवशी कँटीनच्या मागच्या अंगणात गॅरेजमधून आणलेली फळी ठेवली. चाचांनी बाटलीतलं मिश्रण पाजलं आणि दवाखान्यासारखा वास सुटला. झटका. काही नाही. दहा झटके, वीस झटके. चाचांच्या बोटातून रक्त आलं. मी मध्येच श्रमाच्या प्रतिष्ठेवर सुरुवात केली.

“तू जरा गप्प बस,” चाचा म्हणाले. “मला ऐकू दे.”

त्यांनी स्क्रू पाव फेरा सैल केला आणि झटका दिला. इंजिन किंचाळलं. मशीन शॉपच्या खिडक्यांत डोकीच डोकी. काळं तेल साहेबांच्या हातातल्या चार्जशीटवर फवारलं, पण ते मागे सरले नाहीत. त्यांनी पंख्याच्या वाऱ्यात हात धरला आणि टाकी रिकामी होईपर्यंत तसाच ठेवला. मग विचारलं, “विमान कुठंय?” चाचांनी त्यांना माझ्यापेक्षा सौम्य उत्तर दिलं.

चाचा निर्दोष सुटले. इंजिन मात्र सुटलं नाही. कारखान्यातून वस्तू बाहेर न्यायची तर गेटपास लागतो, गेटपासवर आवक क्रमांक लागतो, आणि हे इंजिन आत आल्याची कुठेच नोंद नव्हती. कंपनीचं नाही हे लेखी सिद्ध झालं होतं. म्हणूनच कंपनीला ते देता येत नव्हतं. साहेबांनी स्वतः तीन खात्यांना विचारलं. शेवटी आम्हाला केबिनमध्ये बोलावून त्यांनी इंजिन टेबलावर ठेवलं, दार लावलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, “आज डबे तपासू नका म्हणून गेटवर सांगून ठेवलंय.”

चाचांनी डब्याचं झाकण उघडलंसुद्धा.

आणि मी बोललो. “चोरून नाही, साहेब. निर्दोष माणसाने आपली वस्तू लपवून का न्यावी? रीतसर पास द्या, तेव्हाच नेऊ.”

वाक्य उत्तम होतं. पुढच्या पत्रकात ते मी ठळक अक्षरांत छापलं. चाचांनी माझ्याकडे पाहिलं, झाकण लावलं, आणि साहेबांनी इंजिन कपाटात ठेवलं. मग साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांना हा विषय अर्जांतूनच ठाऊक, आणि अर्ज सगळे माझे. चाचा निवृत्त झाले. रविवारी आता सहा इंजिनं चालतात. सातव्याची जागा फळीवर मोकळी आहे. तिथल्या बोल्टच्या चार भोकांतलं तेल ते अजून पुसतात. मला त्यांनी कधी बोल लावला नाही. एकदाच म्हणाले, “एरंडेल आत सुकलं की चिकट होतं रे. मग पिस्टन धरून बसतं.”

त्या कारखान्यात, कार्मिक विभागात, खिडकीजवळच्या हिरव्या कपाटाची किल्ली आज ज्याच्याकडे असेल त्याला माझी विनंती आहे. खालच्या खणात तेलाच्या डागांचं चार्जशीट आहे, त्यात इंजिन गुंडाळलंय. पंखा जोराने फिरवू नका. थोडं रॉकेल कोमट पाण्यात बाटली ठेवून तापवा, बाजूच्या भोकात थेंब थेंब सोडा, एक दिवस थांबा. मग ते डब्याच्या खालच्या कप्प्यात, भाजीखाली ठेवा आणि बाहेर आणा. पास मागू नका, अर्ज करू नका. भोसरीत रविवारी सकाळी आवाजाच्या दिशेने गेलात की गॅरेज सापडेल.

गेटवर कोणी अडवलंच तर सांगा, खेळणं आहे. तसं लिहिलेलं माझं छापील पत्रक तुमच्याच फाइलमध्ये आहे.