खरखरतात्यांची निळी म्हैस

लासुर्ण्यात खरखरतात्यांच्या घरी पाऊल टाकलं की ते आधी तुमचे हात हुंगत. रामराम नाही, या-बसा नाही. उंबऱ्याशी उभे राहून "हात आणा" म्हणत, दोन्ही पंजे नाकाशी नेत आणि निकाल देत. "शेंगदाणं." "भजी, त्येबी कांद्याची." "ह्ये गाडीचं पेट्रोल हाय." मग मागच्या मोरीवर पाठवत, साबण देत आणि पुसायला धुतलेला पंचा देत. त्याशिवाय गाण्याच्या तबकडीला बोट लावायचं नाही. माझं बारामतीत चष्म्याचं दुकान आहे, दिवसभर मी काचा पुसतो. माझ्याइतके स्वच्छ हात तालुक्यात शोधून सापडायचे नाहीत. तरी मलाही त्यांनी अकरा वर्षं मोरीवर पाठवलं आणि मी निमूट जात राहिलो. त्या माणसापुढे हात धरण्यात मला धन्यता वाटायची, याची आता लिहितानाही चीड येते.

तात्या जवळच्या कारखान्यात टर्नर होते. उभा जन्म लेथवर लोखंड कातण्यात गेला. कॉलनीतले एक साहेब निवृत्त होऊन गाव सोडताना इंग्रजी गाण्यांच्या तबकड्यांचं एक खोकं त्यांच्याकडे ठेवून गेले आणि न्यायला परत आलेच नाहीत. तात्यांनी दोन वर्षं वाट पाहिली, मग त्या ऐकायला यंत्र स्वतःच बनवलं. त्याची थाळी त्यांनी आपल्या हातानं कातलेली होती, इतकी जड की बटण बंद केल्यावरही ती बराच वेळ फिरत राही. इंग्रजीचं एक अक्षर त्यांना येत नव्हतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता. "कळत न्हाय त्येच बरं हाय, वसंतराव," ते मला म्हणत. "कळलं आस्तं तर मी अर्थ लावीत बसलो आस्तो, आन् गिटार निघून गेली आस्ती."

गावानं त्यांना खरखरतात्या म्हणायला सुरुवात केली ती उगाच नाही. सुई टेकल्यापासून गाणं सुरू होईपर्यंत जी खरखर होते, तिच्यात कोणी बोललेलं त्यांना खपत नसे. चहाची कपबशीसुद्धा तेव्हा वाजवायची नाही. एकदा आमच्यातले गुरांचे डॉक्टर म्हणाले की हीच गाणी मोबाइलवर एकदम स्वच्छ ऐकू येतात. तात्या शांतपणे म्हणाले, "चुलीवरच्या भाकरीला कुठंतरी करपलेलं लागणारच, डॉक्टर. नगं आसंल तर पाव खावा." आम्ही बाकीचे हसलो. आम्ही नेहमी तात्यांच्याच बाजूनं हसायचो.

आम्ही म्हणजे तिघं. हे डॉक्टर, मी आणि सिकंदर. सिकंदर इंदापूरचा, त्याचं पाण्याच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून देण्याचं दुकान. कॉलेजात आम्ही एका बाकावर होतो. तात्यांच्या विहिरीवरची मोटार जळाली तेव्हा हा ती न्यायला लासुर्ण्यात गेला, घरातून येणारी गिटार ऐकत बसला आणि मोटार तिथंच विसरून आला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दुकानात येऊन म्हणाला, "वसंता, शटर वढ. तुला एक मानूस दावायचाय." तात्या मला मिळाले ते त्याच्यामुळे.

तात्यांच्या खोक्यात एक तबकडी अशी होती की तिच्यासाठी देशभरातले संग्राहक जीव टाकत. सत्तरच्या दशकात मुंबईतल्या चार केसाळ पोरांनी रॉकचा एकच अल्बम काढला होता. मोजक्या तबकड्या निघाल्या, कंपनी बुडाली, मूळ टेपही कुठं गेली कोणास ठाऊक. वेष्टनावर निळी म्हैस, तिच्या शिंगाला विजेची वायर गुंडाळलेली. इंग्रजी नाव लांबलचक होतं, आम्ही नुसतं म्हैस म्हणायचो. "तात्या, आज म्हस सोडा," असं सिकंदर म्हणाला की तात्या कमरेची किल्ली काढून कपाट उघडत. नियम एकच होता. म्हैस घराबाहेर जाणार नाही आणि तिची नक्कल निघणार नाही. "ज्येला ऐकायचीया त्यानं रविवारी हितं यायचं," ते म्हणत, आणि आम्ही माना डोलवत असू.

एका रविवारी उठताना माझा गुडघा टेबलाला लागला आणि सुई म्हशीवर आपटली. दुसऱ्या बाजूच्या पहिल्या गाण्यात सगळी वाद्यं थांबतात आणि एकटी गिटार हळू सुरू होते, नेमका तिथं कायमचा ओरखडा पडला. तीन टिचक्या ऐकू यायच्या, थाळीच्या प्रत्येक फेऱ्याला एक. तात्या तीन रविवार माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या रविवारी टिचक्या वाजल्या तेव्हा डोळे मिटूनच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, वसंतराव. आता हरवली तरी वळखू यील." इतक्या मोठ्या मनाचा माणूस मी पाहिला नव्हता.

चार वर्षांपूर्वी सिकंदरला मस्कतला नोकरी लागली. निघायच्या आधी त्यानं विचारलं, "तात्या, म्हस फोनवर भरून घिऊ का? तितं माझं कोन हाय?" तात्या "न्हाय" म्हणाले. त्यानं मला अंगणात नेऊन "तू तरी सांग त्यास्नी" म्हणून पाहिलं. मी म्हणालो, "नियम समद्यास्नी सारखा, सिकंदर." त्याच्या शेवटच्या रविवारी म्हैस लागली. तो माझ्या शेजारी बसला होता. त्याच्या सदऱ्याच्या खिशात फोन चालू होता, पातळ कापडातून लाल ठिपका मला दिसत होता. मी तात्यांना म्हणालो, "सिकंदरच्या खिशात बघा." तात्यांनी सुई उचलली. सिकंदरनं सगळ्यांदेखत भरलेलं पुसून टाकलं, चपला घातल्या आणि गेला. मस्कतहून त्याचा मला एकही फोन आला नाही. निष्ठा म्हटल्यावर मित्र बघायचा नसतो, अशी मी माझी समजूत घातली, आणि ती मला पटलीही.

मागच्या वर्षी बातमी आली की परदेशातल्या कुठल्याशा कंपनीनं म्हैस पुन्हा काढली. संग्राहकांच्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महाभारत सुरू झालं. पुण्याचे म्हणत, नवी तबकडी वजनाला जड आहे, आवाज खोल लागतो. नागपूरचा एक म्हणे, निळी म्हैस जांभळी झाली. कोणी म्हणे, खरखर पुसताना झांजांची धारही पुसली. यावर कोणी म्हणे, ज्यांच्याकडे जुनी आहे त्यांच्याच पोटात दुखतंय. तात्यांनी नवी न ऐकताच निकाल दिला आणि तो त्यांच्या आवाजात मीच ग्रुपवर टाकला. "रेडकू मेलं का त्येच्या कातड्यात पेंढा भरत्यात, आन् म्हशीपुढं उभं करत्यात. म्हस बिचारी चाटती, दूध देती. तसं हाय ह्ये. चाटा तुमी."

हा निरोप फार फिरला. मी तर तात्यांचा वकीलच झालो. रोज दुकान उघडण्याआधी लांबलचक मजकूर लिहायचा, आणि नवी घेणाऱ्यांना 'पेंढावाले' म्हणायचं. आमच्या डॉक्टरांनीही नवी मागवली होती. ती घेऊन ते रविवारी लासुर्ण्याला आले, तर तात्यांनी ती यंत्राला लावूच दिली नाही. "माझ्या थाळीवर पेंढा नगं." डॉक्टर चहा न घेता उठले आणि पुन्हा आले नाहीत. बैठकीला उरलो तात्या आणि मी. मला त्याचंही काही वाटलं नाही. उलट बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

एका दुपारी डॉक्टर माझ्या दुकानात आले आणि पिशवीतून नवी म्हैस काढून काउंटरवर ठेवली. "आधी ऐका, मग शिव्या द्या," एवढंच म्हणून गेले. घरी माझं साधंसं यंत्र आहे. मी वही-पेन घेऊन बसलो, चुका टिपायलाच. पहिल्या बाजूत चार सापडल्या, म्हणजे मी सापडवल्या. दुसरी बाजू लावली. वाद्यं थांबली, एकटी गिटार सुरू झाली, आणि टक्. थाळी फिरली. टक्. आणखी एक फेरा. टक्. मी ती तबकडी दुकानात नेली आणि काचांवरचे चरे बघायच्या भिंगाखाली धरली. एक ओरखडा नव्हता. तबकडी कोरी होती, टिचक्या छापूनच आलेल्या होत्या.

मूळ टेप सापडत नसली की जुनी चांगली तबकडी मिळवून तिच्यावरून नवी काढतात, हे आम्हा संग्राहकांत कोणालाही ठाऊक असतं. ती जुनी तबकडी कोणाची, हे जगात मला एकट्याला कळलं होतं. आणखीही एक आठवलं. नवी निघाल्याची बातमी आली त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात यंत्राचा थाळी फिरवणारा पट्टा तुटला म्हणून तात्यांनी दोन रविवार बैठक बंद ठेवली होती. तो पट्टा शोधत मी भर मे महिन्यात पुण्याच्या बोळाबोळांतून हिंडलो होतो. परत आलो तर तात्या म्हणाले, "जुनाच जोडला म्या, चालतंय."

मी तडक मोटारसायकलवर लासुर्ण्याला गेलो. तात्या दारात आले, म्हणाले, "हात आणा." मी त्यांच्या हातात नवी म्हैस दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"तीन टिचक्या हाईत, तात्या," मी म्हणालो.

"काढल्या न्हाईत व्हय त्यानी?" ते म्हणाले. "म्या सांगितलं हुतं काढा म्हणून."

मला वाटलं होतं ते नाकबूल करतील, निदान चिडतील. मग स्वतःच सांगू लागले. कंपनीची एक बाई पुण्याहून आली होती, बोलायला चांगली होती, आठ दिवसांत परत आणून देते म्हणाली आणि दिलीही; पट्टा तुटल्याचे ते दोन रविवार म्हैस घरात नव्हती. त्यांनी एक पै घेतली नव्हती. वेष्टनावर नावही नको म्हणाले होते. पैसे घेतले असते तर एक वेळ मी समजून घेतलं असतं.

"जगाला दिली, आन् सिकंदरला न्हाय?" मी ओरडलोच.

तात्या पायरीवर बसले. "वसंतराव, ती झिजत चाललीया. माझ्यासंगं संपाया नगं म्हणून दिली. त्ये लांबचं लोक, त्यास्नी थोडंच रविवारी हितं यायचं हुतं? सिकंदरला दिली आस्ती तर डॉक्टरनं मागितली आस्ती, मग तुमी. घरी बसून ऐकली आस्ती समद्यानी. माझ्याकडं कोन आलं आस्तं?"

"आन् नवीला शिव्या का घातल्या?"

"ती तुमाला आवडली आस्ती तर?"

त्यांची बायको कधीच गेली होती. एकुलती मुलगी नरसिंहपूरला दिलेली, ती सणावारालाच यायची. हे सगळं मला माहीत होतं, आणि तरी त्या क्षणी मला त्यांची दया आली नाही. माणूस एकटा आहे म्हणून त्यानं दुसऱ्याला माकड करून नाचवावं काय? देशभरातल्या लोकांशी मी ज्यांच्या शब्दाखातर भांडलो, ते आतून माझी मजा बघत होते. "तुमी मला येड्यात काढलं, तात्या," मी म्हणालो. ते म्हणाले, "बसा, च्या ठिवतो." मी बसलो नाही.

त्यानंतर दर रविवारी सकाळी दहाला त्यांचा फोन येई. मी उचलत नसे. सहा-सात महिन्यांनी फोन आला तो मुलीचा. तात्या रात्री झोपेत गेले होते. मी गेलो, चार माणसांत उभा राहिलो आणि परत आलो. खोकं मुलीनं नरसिंहपूरला नेलं म्हणतात. मी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात सिकंदर सुट्टीवर आला. मीच इंदापूरला गेलो. दुकान आता त्याचा भाऊ बघतो. आत बाकावर आम्ही दोघं बसलो आणि मी सगळं एका दमात सांगितलं. टिचक्या, ती पुण्याची बाई, पट्टा, पायरीवरचं बोलणं. चार वर्षांत पहिल्यांदा माझं कोणीतरी ऐकत होतं. "आपल्या दोघास्नी फसवलं रं त्या मानसानं," मी म्हणालो.

"म्हाईत हाय मला," सिकंदर म्हणाला. "तुमचं भांडान झालं त्याच दिशी मस्कतला फोन आला हुता त्यांचा. समदं सांगितलं. रडलं फोनवर. म्या म्हणलं, जाऊ द्या तात्या."

"आन् तू सोडून दिलंस?"

"त्यांचं कळतंय मला, वसंता. त्यास्नी मानसं पायजे हुती." तो माझ्याकडे बघत होता. रागानं नाही, खरोखर विचारायचं असल्यासारखा. "तू माझा खिसा दावलास. तुला काय पायजे हुतं?"

भाऊ चहा घेऊन आला. आम्ही तो प्यालो, उसाच्या भावावर बोललो आणि मी उठलो. सिकंदर परवा मस्कतला परत गेला, त्याला निरोप द्यायलाही मी गेलो नाही. तात्यांवर रागावणं त्याच्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यापेक्षा सोपं होतं, म्हणून हे त्यांच्यावर लिहायला बसलो.