मैनाबाईचा होकार

मैनाबाईला 'नाही' म्हणता येत नाही. कर्जतच्या पेठेत माझ्या भांड्यांच्या दुकानासमोर, रस्त्याच्या कडेला बसून ती सोललेलं वालाचं बिरडं विकते. नवरा गेल्यापासून घर त्यावरच चालतं. गिऱ्हाइकानं मापावर थोडं जास्त मागितलं की हिचा हात आपोआप टोपलीत. "भीड भिकेची बहीण, मैनाबाई," असं मी कितीदा सुनावलं. ती हसायची आणि मलाच मूठभर बिरडं द्यायची. काय बोलणार!

गेल्या महिन्यात उमा नावाची मुलगी फोन घेऊन पेठेत आली. नगरपरिषदेला रस्ता नव्यानं आखायचा होता, त्यासाठी लोकांची मतं हवी होती. फोनमधला एआय बाईच्या आवाजात, मराठीतून प्रश्न विचारायचा, उत्तरं ऐकून मतं मोजायचा. मैनाबाईला त्यानं विचारलं, "रस्त्याकडेची विक्री हलवून पेठ मोकळी करावी का?" ती पदर सावरून म्हणाली, "तुमी शिकलेली मानसं. कराल ते बरंच हाय." वर फोनला चहा विचारला.

काल उमा निकालाचं चित्र घेऊन आली. झाडं, बाकडी, रुंद पदपथ. मैनाबाईच्या जागी सायकली उभ्या. खाली लिहिलेलं, विक्रेत्यांची संमती. माझ्या हातातलं पातेलंच खाली पडलं.

"मी हो कदी म्हनले गं?" मैनाबाई पांढरीफटक पडली. उमानं रेकॉर्डिंग लावलं. मैनाबाईचाच आवाज, गोड, आर्जवी. ऐकता ऐकता मैनाबाईनं कपाळावर हात मारला. "अगं, आलेल्या मानसाला तोंडावर नाय कसं म्हनायचं?"

उमाचाही चेहरा उतरला. असल्या होकाराचा अर्थ समोर उभ्या असलेल्या पोरीला कळला नाही, तिथं यंत्राचं काय घेऊन बसलात! "मावशी, आजचा दिवस मत बदलता येतं," म्हणत तिनं फोन पुढे धरला. पुन्हा तोच प्रश्न.

मैनाबाई टोपलीतलं बिरडं उगाच खालीवर करत राहिली. मला राहवेना. "आता तरी बोल गं!" मी ओरडलो.

"नाय," ती म्हणाली.

तिच्या तोंडून हा शब्द आम्ही कधी ऐकलाच नव्हता. ती स्वतःच घाबरली. हात जोडून ती फोनला म्हणाली, "राग मानू नको गं बाई. माजं पोट हाय तितं."