काकाजींच्या डोळ्यांदेखत

त्या लेथ मशीनची किंमत मी साडेतीन तास घासली. विकणारे पुलगावचे एक म्हातारे टर्नर, लेथवर काम करणारे कारागीर. त्यांना सगळे काकाजी म्हणतात. शेवटी ते कंटाळून म्हणाले, "ने बाप्पा." तरी निघताना मी आणखी एक कबुली काढून घेतलीच. मशीन बिघडली तर परत घ्यायची.

"घेतो ना. पन माह्या डोळ्यासमोर बिघडली पाह्यजे," काकाजी म्हणाले.

सावंगीला माझं शेड आहे, एका वेल्डिंग सेटवर सुरुवात करून उभं केलेलं. तिथे मशीन बसवली आणि तिसऱ्याच कामाला फीड थांबलं. लेथवर जॉब, म्हणजे कातायचा लोखंडी तुकडा, गोल फिरतो आणि हत्यार आपोआप एका चालीनं पुढे सरकतं, ते फीड. इथे जॉब फिरत राहायचा आणि हत्यार वीतभर जाऊन उभं. मी बेल्ट ताणला, गिअरचा एकेक दात बोटानं चाचपला, हत्यार सरकवणारा लांब दांडा म्हणजे फीड रॉड, त्याची चावी काढून पाहिली, हत्याराखालची गिअरची पेटी, एप्रन, उघडून जुनं ग्रीस खरवडलं. सगळं जिथल्या तिथे होतं.

काकाजी आले, मशीनच्या शेपटाकडे उभे राहिले, आणि हत्यार या टोकापासून त्या टोकापर्यंत निमूट गेलं. ते गेल्यावर पुन्हा थांबलं. मी व्हिडिओ पाठवला. ते म्हणाले, व्हिडिओत काहीही दाखवता येते. असे ते तीनदा आले, तीनदा मशीन चालली. तिसऱ्यांदा जाताना त्यांनी चहाच्या टपरीवर चार टर्नरांसमोर सांगितलं, "मशीनले काई नाई झालं. याच्या हाताले वळन नाई."

मशीनचं मग मला काही राहिलं नाही. ती त्यांच्या डोळ्यांदेखत थांबायला हवी होती, एवढंच.

चौथ्यांदा बोलावलं तेव्हा आंजीचा एक वांगी लावणारा शेतकरी पंपाच्या शाफ्टसाठी डब्यावर बसून होता. मी त्याचाच शाफ्ट चढवला. काकाजी आपल्या जागी, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. हत्यार झकास चाललं. काकाजी थुंकायला दारापर्यंत गेले आणि हत्यार थांबलं.

"पाहा, काकाजी, थांबली."

त्यांनी भरल्या तोंडानं हात हलवला, थुंकले, परत येऊन उभे राहिले. हत्यार निघालं.

"कुठी थांबली गा?"

हे तीनदा झालं. काकाजी चौथ्यांदा दाराकडे गेले तेव्हा शेतकरी हळूच म्हणाला, "भाऊ, काकाजी उतरले का थांबते ते."

"उतरले? ते काय एसटीत चढले होते काय?"

"फरशीवरून म्हनतो मी."

मी खाली पाहिलं. मशीनच्या शेवटच्या पायाखाली एक शहाबादी फरशी होती, अर्धी पायाखाली, अर्धी बाहेर, मधे उंचवट्यावर टेकलेली. बाहेरच्या टोकावर काकाजींचं क्विंटलभर वजन पडलं की पाय केसभर उचलला जायचा आणि फीड रॉड मोकळा फिरायचा. ते उतरले की पाय बसायचा आणि रॉड आवळला जायचा. ती फरशी मीच टाकली होती, सिमेंटची एक गोणी वाचवायला.

फरशी दाखवावी, तर काकाजी बोलले ते खरं ठरतं. न दाखवावी, तर चांगली मशीन हातची जाते. पण टपरीवरचं ते वाक्य आठवलं.

"काकाजी, आज या बाजूनं पाहा."

ते फरशीवर न चढता माझ्याकडे आले. हत्यार थांबलेलंच राहिलं. त्यांनी शांतपणे पाहिलं. "थांबली खरी. उद्या टेम्पो पाठवतो."

त्यांच्या आवाजात जराही वाईट वाटणं नव्हतं, आणि माझं डोकं फिरलं. हा माणूस इतक्या सहज मशीन परत घेतो म्हणजे फायद्यातच असणार.

"राहू द्या," मी म्हणालो.

"काऊन? खराब आहे ना?"

"इतकी नाई खराब."

"अरे, फीड थांबून राह्यलं तिचं."

"थोडंसं. कोनाचं थांबत नाई?"

पुढचा अर्धा तास मी त्या मशीनची तारीफ करत होतो आणि काकाजी तिला भंगार म्हणत होते. शेतकरी म्हणाला, "मशीन कोनाची ते मागून ठरवा. माह्या वांग्याले पानी पाह्यजे." काकाजी तावातावात फिरले, फरशीवर पाय पडला आणि हत्यार चालू लागलं. ते थबकले. उतरले. चढले. पुन्हा उतरले.

"फरशी कोनं टाकली?"

मी शाफ्टवर फडकं फिरवू लागलो.

काकाजी फरशीवर चढले आणि हाताची घडी घालून उभे राहिले. "कर त्याचा शाफ्ट पुरा."

मी केला. इतकं मन लावून मी कधी कातलं नसेल. तासभर ते हलले नाहीत, थुंकायलाही नाही. शाफ्ट उतरवल्यावर त्यांनी त्यावर नख फिरवलं, डोळ्याजवळ धरून पाहिला आणि म्हणाले, "हात चांगला आहे तुहा."

शेतकरी तोवर बाहेर मोटारसायकल वळवत होता. ते वाक्य फक्त मी ऐकलं.

पायाखाली आता सिमेंट आहे आणि फीड थांबत नाही. पण काकाजी माझ्या हाताबद्दल असं म्हणाले, हे मला टपरीवर कोणाला सांगता येत नाही. कधी म्हणाले असं कोणी विचारलं, की फरशीपासून सुरुवात करावी लागते.