बिनफेसाचा शांपू

मुलीचे नाव: कुमारी गोदावरी काळूराम फर्डे. वय: चोवीस वर्षे पूर्ण. राहणार: किन्हवलीपासून चार किलोमीटर आत, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे. शिक्षण: सातवी पास. व्यवसाय: घरकाम व हंगामात भातलावणी. उंची: पाच फूट एक इंच. वर्ण: सावळा. बांधा: मध्यम. व्यंग, जुनाट आजार अथवा व्यसन: निरंक. ओळखीची ठळक खूण: केस. सदर केस दाट, काळे व मुळापासून कुरळे असून वाळल्यानंतर त्यांचा घेर डोक्याच्या दुप्पट होतो. वरील माहिती खरी असून त्यात काहीही लपविलेले नाही.

हा कागद काळूराम फर्डेने गावातल्या एका निवृत्त तलाठ्याकडून लिहून घेतला होता. स्थळांकडे पाठवायला. तलाठ्याला दुसऱ्या पद्धतीनं लिहिताच येत नसे. आयुष्यभर त्यानं जमिनींचं वर्णन केलं होतं, आता मुलीचं केलं. शेवटचं वाक्य त्यानं हाताच्या सवयीनं टाकलं. लपवलेली गोष्ट खरं म्हणजे एकच होती, आणि तिचं नाव बाईजा.

बाईजा ही काळूरामची थोरली बहीण, गोदूची आत्या. केस हुबेहूब गोदूसारखे. सतराव्या वर्षी तिला मुदतीचा ताप आला, महिनाभर ती अंथरुणाला खिळली, आणि उठून बसली तेव्हा मागच्या केसांचा एक दोर झाला होता. घरानं ठरवलं, देवीनं जट दिली. जट विंचरायची नसते, कापायची नसते, आणि जट असलेली बाई कुणाला द्यायची नसते. बाईजा त्यानंतर एकतीस वर्षं मागच्या पडवीत राहिली. मंगळवारी बाया नारळ घेऊन यायच्या, पायावर डोकं ठेवायच्या; उरलेले सहा दिवस तिचं कुणाला काही काम नसे. फर्डेंची देवी दर पिढीत घरातलं एक डोकं घेते, असं गाव म्हणे. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता, त्यामुळे तो खोडायचीही सोय नव्हती.

त्र्याण्णव साली बाईजा वारली. दहाव्याला नदीवरून परतलेल्या बाया ओटीवर टेकल्या, आणि चहा येईपर्यंत करायला दुसरं काही नसल्यानं सगळ्यांनी गोदूच्या डोक्याकडं बघितलं. गोदू सोळा वर्षांची होती. तिला बघण्याचा अर्थ कळला.

तेव्हापासून तिचं आयुष्यातलं खरं काम एकच: केस मोकळे ठेवणं. हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. घरी डोकं शिकेकाईनं धुवायचं, आणि कामाची घाई असली की कपड्यांच्या साबणानं. सरळ केसांच्या बायांना दोन्ही चालत होतं. गोदूचे केस वाळले की मानेपाशी करवंदीची जाळी व्हायची. ती गोठ्यामागं बसून लाकडी फणीनं एकेक गाठ सोडवायची. न सुटणारी गाठ विळ्यानं कापायची आणि शेणखताच्या ढिगाखाली पुरून टाकायची. आईला, म्हणजे शकूला, यातलं काही माहीत नव्हतं, किंवा तसं ती दाखवत नव्हती.

सत्त्याण्णवच्या सुमारास किन्हवलीला दामूशेठच्या दुकानात पुड्यांच्या माळा लटकू लागल्या. त्यातली एक जोडपुडी होती. अर्धी निळी, अर्धी पांढरी. दामूशेठ त्या मधोमध कापून वेगवेगळ्या विकायचा. निळी खपली. पांढरी परत आली.

"शेठ, फसवता काय आमाला? याला फेसच नाय."

"ओला माल असंल बाय, ऊन लागलं नसंल त्याला," दामूशेठ म्हणायचा आणि पांढऱ्या पुड्या बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायचा. पुडीवरची अक्षरं इंग्रजी होती, आणि दामूशेठचं इंग्रजी वजनकाट्यावरच्या आकड्यांपुरतं होतं.

एका बाजारच्या दिवशी गोदू मीठ घ्यायला आली. तिच्या पदराखालून बाहेर येणारं जंगल बघून त्यानं चार पांढऱ्या पुड्या पुढं केल्या. "ने गो, फुकट. लागला उपेग तर डोक्याला लाव, नायतर भांडी घास."

गोदूनं त्या डोक्याला लावल्या. फेस आला नाही. भेंडी चिरताना हाताला लागतं तसं काहीतरी बुळबुळीत केसांत उतरलं. तिनं सवयीप्रमाणं बोटं मुळाशी घातली, अडकायची तयारी ठेवून, आणि हात टोकापर्यंत सरळ निघून आला. मोरीत ती बराच वेळ तो हात तसाच धरून उभी राहिली. मोकळ्या झालेल्या हाताचं काय करायचं असतं, हे तिला माहीत नव्हतं.

मग दर आठव्या दिवशी पांढरी पुडी, आणि दुसरं काही नाही. ती त्याला बिनफेसाचा शांपू म्हणायची. दामूशेठ डबा तिच्यासाठी बाजूला ठेवायचा. त्या मालाला तालुक्यात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. चार वर्षांत एकही गाठ विळ्यानं कापावी लागली नाही. शकूला मात्र हा प्रकार पटत नव्हता.

"फेस नाय, त डोकं धुतलं कसं म्हणायचं?"

"घाण पाणी निघतं ना, आये."

"घाण पाणी त म्हशीचं पण निघतं. ती काय शांपू लावती?"

स्थळांचं म्हणाल तर शहापूर तालुक्यातून एकही येत नव्हतं. बाईजाची कीर्ती तालुकाभर होती. मुरबाडकडं ती पोचली नव्हती, कारण तिकडं जायला एसटी बदलावी लागते. म्हणून तलाठ्याचा कागद मुरबाडकडं गेला, आणि दोन हजार एकच्या माघात गीताबाई नावाची बाई मुलाला घेऊन बघायला आली. मुलगा जगन, एका कारखान्यात पॅकिंगला होता.

गीताबाईनं गजरा नीट करायच्या निमित्तानं गोदूच्या केसांत हात घातला. हात आरपार निघाला. "केस झ्याक हायत. काय लावतंस गो?"

"शांपू."

"आमी पण लावतो, पण आमचं हे असं," गीताबाई म्हणाली आणि स्वतःच्या शेपटीकडं बघून हसली. पसंती तिथंच झाली.

जगन एकच गोष्ट बोलला. "एवढं वाळायला टाइम किती लागतो?"

"अर्धा दिवस," गोदू म्हणाली.

"आमचं स्लॅबचं घर हाय. वर दिवसभर ऊन असतं."

गोदूला त्या वयापर्यंत केसांवरून पुष्कळ लोक पुष्कळ बोलले होते. पण वाळवायला जागा आजवर कुणी देऊ केली नव्हती. पुढचे तीन महिने भाकऱ्या थापताना, लाकडं मोडताना ती मनातल्या मनात त्या स्लॅबवर पाठ करून बसत होती.

लग्न वैशाखात ठरलं. हळदीच्या दिवशी सकाळी चुलतबहीण नम्रता कल्याणहून आली. तिनं पार्लरचा कोर्स केला होता. गोदू मोरीकडं निघाली तेव्हा नम्रतानं तिच्या हातातली पुडी घेऊन वाचली.

"गोदूताई, हा शांपू नाही. कंडिशनर आहे. आधी शांपू करतात, मग हे लावतात. नुसतं नाही लावत."

शकूच्या हातातलं सूप थांबलं. "म्हणजे पोरीनं चार वर्षं डोकंच धुतलं नाय?"

हळदीला जमलेल्या बाया हसून लोळल्या. जनी म्हातारी म्हणाली, "तरी म्या म्हणते, फर्ड्यांच्या घरात साबूण कसा काय पुरतो." दुसरी म्हणाली, मुरबाडवाल्यांना सांगू नका, ते पारोशी नवरी म्हणून परत धाडतील.

"पण माझे केस याच्यानंच…" गोदू म्हणाली, आणि थांबली. उरलेल्या वाक्यात जट होती, आणि लग्नघरात तो शब्द काढायचा नव्हता. हसणाऱ्या बायांना वाटलं, नवरी लाजली.

नम्रतानं आहेर म्हणून शांपूची मोठी बाटली आणली होती. चौघींनी गोदूला दगडावर बसवलं, सगळे केस डोक्यावर गोळा केले आणि घोंगडी धुतात तसे दोन्ही हातांनी चोळले. एकदा, दोनदा, तीनदा. फेस कोपरापर्यंत आला. केस बोटांत करकर वाजायला लागले तेव्हा शकूचं समाधान झालं. चार वर्षांची कसर तिनं एका सकाळी भरून काढली. यात कुणाचाही वाईट हेतू नव्हता. चौघींची माया होती, आणि हातात जोर होता.

ओल्या केसांचा अंबाडा बांधला आणि हळद लागली. एकदा हळद लागली की नवरीच्या डोक्याला फणी लावायची नाही. इतर घरांत हे दुसऱ्या दिवशी लग्न लागेपर्यंत. फर्डेंच्या घरात देवीमुळे पाच दिवस. नवरा-नवरी सासरहून परत येऊन देवीच्या पाया पडेपर्यंत. मग त्या अंबाड्यावर हळद चढली, तेल चढलं, फुलं, मुंडावळ्या, अक्षता. मुरबाडला तीन रात्री काढल्या, स्लॅबही बघितला. वर खरोखरच दिवसभर ऊन होतं. गोदू अंबाड्यासकट त्यात उभी राहून खाली आली.

पाचव्या दिवशी नवरा-नवरी, गीताबाई आणि बाकी मंडळी देवीच्या पाया पडून फर्डेंच्या घरी परतली आणि शकूनं अंबाडा सोडायला घेतला. पिना निघाल्या, फुलांचे दोरे निघाले. अंबाडा निघाला नाही. मागं दोन तळव्यांएवढा भाग एकजीव झाला होता.

गोदूनं हात मागं नेला. गोळा अजून मऊ होता. कुठली बट कुठून आत शिरली आहे, हे तिच्या बोटांना कळत होतं. तीन पुड्या आणि एक दुपार, असा हिशेब तिच्या बोटांनीच केला.

"हे काय, विहीणबाई?" गीताबाईनं विचारलं.

शकू काही बोलण्याआधी जनी म्हातारीनं हात जोडले. तिला खरोखर आनंद झाला होता. "देवी आली गो बाय. आठ वर्सं बाईजाची जागा रिकामी होती."

अशा रीतीनं बाईजा मुरबाडला कळली.

गीताबाई भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात मिटवायची सोय असते. तिनं गोदूच्या पायांना हात लावला आणि दोन पावलं मागं सरली. "देवीची बाय आमी संसाराला कशी नेणार? आमच्या पण घरात पोरंबाळं हायत."

"आये, एकदा सोडवून त बघू," जगन म्हणाला.

"तू गप."

जगननं पायांत चपला सरकवल्या. संध्याकाळच्या एसटीनं मायलेक परत गेले. पुढच्या माघात त्याचं दुसरं लग्न झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदूनं ट्रंकेतल्या पुड्या काढल्या आणि मोरीकडं निघाली. शकू मोरीच्या दारात उभी होती.

"आये, सर. दुपारपर्यंत मोकळे होतात. हे देवीचं नाय, त्या फेसाच्या शांपूचं हाय."

"म्हाईत हाय मला."

गोदूला वाटलं होतं, पटवावं लागेल. त्यासाठी तिनं रात्रभर वाक्यं जुळवली होती. ती आता कुणाच्याच उपयोगाची नव्हती.

"म्हाईत हाय, मग?"

"गावानं बघितलं ना गो. आता तू सोडवलंस, आणि उद्या शेखरला काय झालं, त कोणाच्या नावावर जाईल?" शेखर म्हणजे गोदूचा धाकटा भाऊ, शकूचा एकुलता एक मुलगा. त्याला तेव्हा काहीही झालेलं नव्हतं, आणि पुढंही झालं नाही.

"आणि माझं काय, आये?"

शकूनं पुड्या तिच्या हातातून काढून घेतल्या. हिसकावल्या नाहीत, गोदूनंही धरून ठेवल्या नाहीत. "तुझ्या पाया पडते, हात लावू नको," शकू म्हणाली. असं सगळ्याच आया म्हणतात. पण शकू खरोखर वाकली आणि तिनं मोरीच्या ओल्या दगडावर, मुलीच्या पायांवर, डोकं ठेवलं. जट आल्यानंतर पाया पडणारी घरातली पहिली बाई तीच.

गोदूनं केसांना हात लावला नाही. आठ दिवसांनी गोळा घट्ट झाला, त्यात तेल आणि भस्म मुरलं, आणि मग तीन काय, तीनशे पुड्यांनीही तो सुटला नसता. मागची पडवी सारवून झाली. मंगळवारी नारळ येऊ लागले. दामूशेठनं एकदा शेखरबरोबर पांढऱ्या पुड्यांचा डबा पाठवला. शकूनं तो तसाच परत केला. किन्हवलीच्या बाया नंतर त्या पुड्या विकत घ्यायला लागल्या. फेस का येत नाही, असं आता कुणी विचारत नव्हतं.

दोन हजार आठ साली जटा सोडवण्याचं काम करणारं एक पथक गाडी करून गावात आलं. दोन बाया, एक गृहस्थ आणि छापील तक्ते. तासाभरानं ते पुढच्या गावाला गेलं. त्यांनी केलेली नोंद अशी: 'अनुक्रमांक चौदा. श्रीमती गोदावरी फर्डे, वय एकतीस. जटेची लांबी अंदाजे अडीच फूट. सदर महिलेची समक्ष भेट घेऊन तिला केसांच्या निगेबाबत शास्त्रीय माहिती सविस्तर देण्यात आली. जट सोडविण्यास तिने पूर्ण विचारांती व स्वेच्छेने नकार दिला. तिच्या भावनांचा आदर राखून प्रकरण बंद करण्यात येत आहे.'

पथकाशी बोलली ती शकू. गोदू त्या दिवशी आटगावला डॉक्टरकडं जटेच्या ओझ्यानं दुखणारी मान दाखवायला गेली होती.